लहान विमाने आणि उतरतानाचे अपघात : कोकण किनाऱ्यावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या सीमेवरून आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ते विचारणाऱ्यांत विमान शिकणाऱ्या मुलांचे पालक आहेत, नुकताच परवाना मिळालेले वैमानिक आहेत आणि ज्यांच्या वाडीवरून लहान विमाने जातात असे ग्रामस्थही आहेत. वेग व अंतराचे आकडे उदाहरणादाखल सेस्ना १७२ एस या सर्वत्र आढळणाऱ्या चार आसनी विमानाचे घेतले आहेत. तुमचे विमान वेगळे असेल, तर त्याच्या पुस्तिकेतील आकडेच प्रमाण मानावेत.

१. लहान खाजगी विमान म्हणजे नेमके कोणते विमान समजायचे?

या पानापुरते बोलायचे, तर दोन ते सहा आसनांचे, पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाचे आणि पंख्याने ओढले जाणारे विमान. सेस्ना १७२ एसचे भरलेले कमाल वजन ११५७ किलो असते, म्हणजे ते एखाद्या मोठ्या मोटारीपेक्षाही हलके असते. हा हलकेपणा पुढील जवळजवळ प्रत्येक उत्तरात डोकावेल, कारण ज्या वाऱ्याची मोठ्या विमानातील प्रवाशाला जाणीवही होत नाही, तो वारा या विमानाला धावपट्टीच्या मध्यरेषेवरून सहज बाजूला नेतो.

२. अपघात उतरतानाच जास्त का होतात? उड्डाण करतानाही धोका असतोच ना?

असतो, पण उड्डाणात इंजिन पूर्ण ताकदीने चालत असते, वेग वाढत असतो आणि प्रत्येक सेकंदागणिक विमान जमिनीपासून दूर जात असते. उतरताना हे सारे उलटे होते. वेग मुद्दाम कमी करत, उचल संपण्याच्या सीमेजवळ नेत, ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिशेने आणि ठरलेल्या उंचीवरून विमान जमिनीला टेकवायचे असते, आणि चूक सुधारण्यासाठी लागणारी उंची नेमकी त्याच वेळी हातून निघून जात असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण पालकांच्या पत्रांत भीती फार दिसते. धावपट्टीवर घडणाऱ्या या अपघातांत वेग कमी असतो, त्यामुळे बहुतेक वेळा चाके, पंखा किंवा पंखाचे टोक मोडते आणि माणसे चालत बाहेर येतात. जीवघेणे ठरतात ते प्रामुख्याने धावपट्टीच्या अलीकडे, वळणात किंवा चुकलेल्या गो-अराऊंडमध्ये, म्हणजे उतरणे सोडून विमान पुन्हा वर नेताना, घडणारे अपघात. त्यांच्याविषयी प्रश्न ९ आणि १० मध्ये लिहिले आहे.

३. विमान जोरात आदळले, पण कोणाला काही झाले नाही. हा अपघात धरला जातो का?

आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, उड्डाणाच्या हेतूने कोणी विमानात चढल्यापासून सर्वजण उतरेपर्यंतच्या काळात कोणाचा मृत्यू झाला, कोणाला गंभीर दुखापत झाली किंवा विमानाच्या सांगाड्याची मोठी दुरुस्ती करावी लागेल असे नुकसान झाले, तर तो अपघात. केवळ टायर, ब्रेक, पंखा किंवा पंखाचे टोक यांपुरतेच नुकसान असेल, तर ती घटना अपघाताच्या व्याख्येत बसत नाही. मात्र कळवावी लागतेच. दुखापत झाल्यापासून ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला, तर तो अपघाती मृत्यू म्हणून मोजला जातो.

कायद्याच्या व्याख्येपेक्षा महत्त्वाचे हे, की जोरात आदळलेले विमान तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय पुन्हा उडवू नये. वरून रंगाला चराही नसताना पुढच्या चाकामागील पोलादी पत्रा, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधील भिंत, वाकलेली असू शकते.

४. चांगल्या उतरण्याची सुरुवात कोठून होते?

धावपट्टीच्या दोन-तीन किलोमीटर आधीपासून. विमान मध्यरेषेच्या सरळ रेषेत असावे, साधारण तीन अंशांच्या उतारावर असावे, फ्लॅप, म्हणजे कमी वेगातही उचल मिळावी म्हणून पंखांच्या मागच्या कडेला खाली उघडणारे भाग, ठरल्याप्रमाणे उघडलेले असावेत आणि वेग ठरलेल्या आकड्यावर स्थिर असावा. सेस्ना १७२ एसमध्ये फ्लॅप पूर्ण उघडे असताना हा वेग ६० ते ७० नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) असतो. जमिनीपासून साधारण ३०० ते ५०० फुटांवर या चारांपैकी एखादी जरी गोष्ट जागेवर नसेल, तर ते उतरणे तेथेच सोडून द्यावे.

नवशिक्यांना वाटते, की कसब शेवटच्या दहा फुटांत असते. माझे मत असे, की शेवटच्या दहा फुटांत जे दिसते ते बहुतांशी आधीच्या दोन किलोमीटरांचे फळ असते. वेग नेमका असेल, तर साधारण हाताचा वैमानिकही विमान बरे टेकवतो. वेग दहा नॉटांनी जास्त असेल, तर कसलेला वैमानिकही धावपट्टीवर तरंगत राहतो.

५. विमान टेकले आणि बेडकासारखे उसळू लागले. यात काय चुकते?

दोन कारणे संभवतात. एक, विमान वेगात असतानाच ते जबरदस्तीने टेकवले जाते. पंखांत अजून उचल शिल्लक असल्याने ते परत वर जाते. दुसरे, फ्लेअर, म्हणजे नाक उचलून विमानाचा उतार मोडण्याची क्रिया, फार उंचावर होते आणि विमान वरून पडून आपटते.

खरे नुकसान पहिल्या उसळीने होत नाही. उसळलेले विमान पाहून वैमानिक घाबरून नाक खाली दाबतो, पुढचे चाक आधी टेकते, विमान आणखी उंच उसळते, तो पुन्हा दाबतो. आणि तिसऱ्या-चौथ्या उसळीला पुढचे चाक मोडून पंखा जमिनीला लागतो. माझ्या शिकाऊ दिवसांत मी हेच केले होते. दुसऱ्या उसळीनंतर प्रशिक्षकांनी नियंत्रण आपल्याकडे घेतले म्हणून विमान वाचले. पण त्या दोन सेकंदांत माझे हात माझ्या बुद्धीचे ऐकत नव्हते, ही आठवण आजही स्वच्छ आहे. म्हणून विद्यार्थ्यांना एकच सवय लावावी: लहान उसळी असेल तर नाक आहे तेथे धरून थोडी शक्ती द्यावी व पुन्हा टेकू द्यावे, मोठी असेल तर पूर्ण शक्ती देऊन गो-अराऊंड करावा. नाक खाली दाबणे हा पर्याय दोन्हींत नाही.

६. चिपीची धावपट्टी तर अडीच किलोमीटरची आहे. एवढ्या लांब धावपट्टीवर लहान विमानाला धोका तो कसला?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू झाला आणि त्याची २५०० मीटरची धावपट्टी लहान विमानाला खरोखरच ऐसपैस आहे. समुद्रसपाटीला, प्रमाण तापमानात, शांत वाऱ्यात आणि कोरड्या डांबरी किंवा काँक्रीटच्या धावपट्टीवर सेस्ना १७२ एसला ५० फुटांच्या अडथळ्यावरून उतरून थांबण्यास १३३५ फूट, म्हणजे सुमारे ४०७ मीटर पुरतात; त्यातील जमिनीवरची धाव केवळ ५७५ फुटांची असते. धावपट्टी संपून पुढे जाण्याची भीती येथे कमी. वाऱ्याने बाजूला जाण्याची, उसळण्याची आणि कडेवर खाली जाणाऱ्या झोताची (प्रश्न ८ पाहा) भीती मात्र धावपट्टीच्या लांबीने कमी होत नाही.

लांबीचा प्रश्न खाजगी आखूड पट्ट्यांवर येतो, आणि तेथे चुका एकमेकींवर चढत जातात. पुस्तिकेप्रमाणे पाठीमागून येणाऱ्या प्रत्येक दोन नॉट वाऱ्यामागे अंतर १० टक्क्यांनी वाढते. कोरडे गवत असेल, तर जमिनीवरील धावेच्या ४५ टक्के इतके अंतर आणखी धरावे लागते. फ्लॅप न उघडता उतरायचे, तर ३५ टक्के जास्त लागते. त्यात ६५ नॉटांऐवजी ७५ नॉटांनी आलात, तर विमानातील गतिज ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने वाढते आणि ती जिरेपर्यंत विमान धावपट्टीपासून हातभर उंचीवर तरंगत राहते. ६५ नॉट म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. नुसते सहा सेकंद तरंगले, की २०० मीटर मागे पडतात. पुस्तिकेतील आकडे नव्या विमानाचे आणि सरावलेल्या वैमानिकाचे असतात, म्हणून त्यांच्या दीडपट लांबी हाताशी नसेल तेथे उतरू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

७. सकाळी सहज उतरलो, दुपारी त्याच धावपट्टीवर विमान आवरेना. असे का होते?

शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे येथे प्रत्यक्ष भेटतात. रात्री आणि पहाटे जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे हलका वाहतो. ऊन चढले, की खारा वारा पश्चिमेकडून आत येतो आणि दुपारी तो जोर धरतो. पूर्व-पश्चिम धावपट्टीवर सकाळी पूर्वेकडे तोंड करून उतरताना जो वारा समोरून येत होता, त्याच दिशेने दुपारी उतरल्यास तो पाठीमागून येतो, आणि मग प्रश्न ६ मधील टक्केवारी लागू होते. दक्षिणोत्तर पट्टीवर हाच वारा थेट आडवा लागतो.

आडव्या वाऱ्याचा हिशेब सोपा आहे. २० नॉटांचा वारा धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर आडवा भाग निम्मा, म्हणजे १० नॉट. ९० अंशांचा कोन असेल तर पूर्ण २० नॉट. सेस्ना १७२ एसच्या चाचणीत दाखवलेला कमाल आडवा वारा १५ नॉटांचा आहे. हा आकडा विमानाच्या चाचणी वैमानिकाचा असतो. नव्या परवानाधारकाने स्वतःची मर्यादा आठ नॉटांच्या आसपास ठेवून प्रशिक्षकाबरोबर ती वाढवत न्यावी. खाली येताना वाऱ्याच्या बाजूचा पंख किंचित खाली आणि विरुद्ध पायाने नाक मध्यरेषेत, ही पद्धत हातात मुरली पाहिजे. आणि टेकल्यानंतरही वाऱ्याकडील एलेरॉन, म्हणजे पंखाच्या टोकाकडील मागच्या कडेचा हलणारा भाग, वर वळवून ठेवले पाहिजे. अनेक विमाने टेकेपर्यंत उत्तम आणली जातात, मग वैमानिक सुटकेचा श्वास सोडून हात सैल करतो आणि वारा पंखाखाली शिरतो. विमान थांबून इंजिन बंद होईपर्यंत उतरणे चालूच आहे असे समजावे.

८. सड्याच्या कडेशी आल्यावर विमान एकाएकी खाली का बसते?

कोकणातील जांभ्याचे सडे म्हणजे सपाट माथा आणि तुटलेल्या कडा. वारा माथ्यावरून वाहत कडेशी आला, की पाणी धबधब्यावरून उतरावे तसा तो कडेखाली वाकतो. धावपट्टीचे टोक कडेजवळ असेल आणि तुम्ही समोरून वारा घेत कडेवरून आत येत असाल, तर नेमक्या शेवटच्या क्षणी विमान या खाली जाणाऱ्या झोतात सापडते. उपाय असा, की वाऱ्याच्या दिवशी कडेवरून थोडे उंच यावे, झोतांच्या निम्म्या फरकाइतका वेग जास्त ठेवावा (वारा १२ नॉट आणि झोत २० नॉट असेल, तर चार नॉट), हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर, ठेवावा आणि धावपट्टीच्या अगदी टोकावर टेकण्याचा हट्ट धरू नये.

९. अखेरच्या वळणात विमाने का कोसळतात?

धावपट्टीला काटकोनात असलेल्या बेस टप्प्यावरून फायनलमध्ये, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेतील अखेरच्या टप्प्यात, वळताना वाऱ्याने विमान पुढे ढकलले जाते आणि मध्यरेषा ओलांडली जाते. मग वैमानिक वळण घट्ट करतो. ३० अंश कललेल्या विमानाचा स्टॉल वेग, म्हणजे ज्या वेगाखाली पंख उचल देणे सोडतात तो वेग, सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. ४५ अंशांना १९ टक्क्यांनी आणि ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. जमिनीजवळ जास्त कलण्याची भीती वाटून वैमानिक पायाने नाक आत ढकलू लागला, तर एक पंख आधी उचल सोडतो आणि विमान गिरकी घेते. ५०० फुटांवर गिरकी सावरायला जागा उरत नाही.

म्हणून फायनलच्या वळणात ३० अंशांपेक्षा जास्त कलू नये आणि मध्यरेषा ओलांडली गेली, तर ती ओढून आणू नये. सरळ वर जावे. कोकणात हे बहुधा दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात आणि दक्षिणोत्तर पट्टीवर घडते, कारण बेस टप्प्यावर वारा पाठीशी असतो आणि विमान अपेक्षेपेक्षा लवकर मध्यरेषेशी पोहोचते.

१०. वैमानिकाने उतरता उतरता विमान पुन्हा वर नेले. त्याला उतरवता येत नव्हते का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो आणि त्यामागची समजूत सर्वांत घातक आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गो-अराऊंड म्हणजे उतरणे सोडून, पूर्ण शक्ती देऊन, पुन्हा वर चढून नव्याने फेरी मारणे. ही चूक नाही. चूक अपघातात रूपांतरित होण्यापूर्वी तिच्यातून बाहेर पडण्याचा तो ठरलेला मार्ग आहे. प्रवासी मात्र गप्प होतात, खाली उतरल्यावर कोणीतरी "काय झालं होतं?" असे अशा सुरात विचारतो, की पुढच्या वेळी तो वैमानिक वाईट उतरणे पुरे करण्याकडे झुकतो. विमानात सासरे बसलेले आहेत, खाली गाडी थांबली आहे, इंधन अजून पुष्कळ आहे आणि तरीही मनुष्य परत वर जात नाही, याचे कारण यंत्रात नसून लाजेत असते.

मोठ्या विमानांतही हेच दिसले आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूरला बोइंग ७३७ सुमारे ८००० फुटांच्या धावपट्टीवर ५२०० फूट आत जाऊन टेकले, टोकापलीकडच्या दरीत गेले आणि १५८ जण मृत्युमुखी पडले. आठ जण वाचले. विमान फार उंच आणि वेगात येत होते, आणि सहवैमानिकाने परत वर जाण्याची सूचना एकाहून अधिक वेळा केली होती, हे ध्वनिमुद्रणातून पुढे आले. अस्थिर उतरणे सोडून न देणे हेच चौकशीत मुख्य कारण ठरले. विमानाचा आकार वेगळा, पण निर्णय तोच.

मी विद्यार्थ्यांना सांगतो, की प्रत्येक फेरीला मनात ठरवा: आपण गो-अराऊंड करायला निघालो आहोत, सर्व काही जुळले तरच उतरू. ज्यांनी कधी लहान विमानात बसून परत वर जाण्याचा अनुभव घेतला असेल, त्यांनी खाली आल्यावर त्या वैमानिकाला धन्यवाद द्यावेत. एवढ्या एका शब्दाने पुढच्या प्रवाशाचे रक्षण होते.

एक अपवाद लक्षात ठेवावा. गो-अराऊंड उशिरा आणि घाईत केला, तर तोही अपघातात जातो. पूर्ण शक्ती देताच नाक आपोआप वर उचलले जाते व डावीकडे ओढले जाते. ते आवरले नाही, तर वेग पडतो. फ्लॅप एकदम मिटले, तर विमान खाली बसते. क्रम असा: पूर्ण शक्ती, नाक आवरून वेग, फ्लॅप टप्प्याटप्प्याने, आणि रेडिओवर बोलणे सर्वांत शेवटी. आखूड पट्टीच्या टोकाला समोर डोंगर असेल आणि ब्रेक लागलेले असतील, तर मात्र वर जाण्याची वेळ गेलेली असते. तेथे कुंपणाला हळू धडकणे हे हवेत डोंगराला धडकण्यापेक्षा केव्हाही बरे. ही सीमारेषा उतरण्याआधीच, धावपट्टीवरील एखाद्या खुणेवर, ठरवून ठेवावी.

११. पावसाळ्यात लहान विमाने उतरू शकतात का?

पावसाच्या उघडिपीत उतरू शकतात. मुसळधार सरीत उतरू नये. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात जात असे, म्हणून १९३२ साली सुरू झालेली टाटांची टपाल विमानसेवा त्या महिन्यांत पुण्याहून चालवावी लागे. आज डांबर आणि निचरा आहे, तरी पाऊस तोच आहे.

ओल्या धावपट्टीवर चाक पाण्याच्या थरावर तरंगू लागते आणि ब्रेक निरुपयोगी होतात. हे कोणत्या वेगाला सुरू होते याचा ढोबळ नियम असा, की टायरमधील हवेच्या दाबाच्या, पौंड प्रति चौरस इंचात मोजलेल्या, वर्गमुळाला ९ ने गुणावे. ४२ पौंड दाबाला उत्तर सुमारे ५८ नॉट येते. म्हणजे नेमक्या वेगाने आलेले सेस्ना टेकताना या सीमेच्या खाली असते आणि घाईत आलेले तिच्या वर. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला पावसात, पाठच्या वाऱ्यात आणि जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे टाकून टेकलेले विमान टोकापलीकडे गेले आणि २१ जणांचा बळी गेला. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत मुसळधार पावसात, ७०० मीटर दृश्यमानता असताना, एक लहान खाजगी जेट धावपट्टीवरून बाजूला गेले. त्यातील आठही जण वाचले.

सर अंगावर येताना दिसली, तर समुद्रावर किंवा दूर थांबून ती जाऊ द्यावी, किंवा घाटापलीकडच्या पर्यायी विमानतळाकडे वळावे. ढग घाटाला टेकले असतील, तर तोही मार्ग बंद असतो. म्हणून पावसाळ्यात पर्यायी विमानतळ किनाऱ्यावरचाही हवा आणि इंधन दोन्हींना पुरेल एवढे हवे.

१२. डोळ्यांना धावपट्टी स्पष्ट दिसत असताना उंची कशी चुकते?

डोळे सवयीच्या धावपट्टीशी तुलना करतात. ज्याने ४५ मीटर रुंद धावपट्टीवर शिकले, त्याला अरुंद पट्टीवर आपण फार उंच आहोत असे वाटते आणि तो नकळत खाली येतो. चढाच्या पट्टीवरही हेच होते. रात्री समुद्रावरून आत येताना खाली एकही दिवा नसतो आणि समोर फक्त धावपट्टीचे दिवे असतात. तेव्हा विमान उंच असल्याचा भास होऊन ते धावपट्टीच्या अलीकडे पाण्यात किंवा कडेत जाण्याचा धोका असतो. काचेवरच्या पावसानेही प्रतिमा सरकते. उपाय एकच: उंचीमापकाचा आकडा आणि धावपट्टीकडेचे लाल-पांढरे मार्गदर्शक दिवे, असतील तेथे, डोळ्यांपेक्षा अधिक मानावेत.

पूर्ण विमानतळच चुकल्याचे उदाहरणही याच किनाऱ्यावरचे आहे. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझऐवजी जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि टोकापलीकडे गेले. दिशा, धावपट्टीचा क्रमांक आणि आजूबाजूच्या खुणा यांपैकी दोन जुळल्याशिवाय खाली येऊ नये.

१३. पक्षी आणि गुरे यांचे काय करायचे?

मासळी सुकत घातलेल्या बंदरांभोवती घारी घिरट्या घालतात, नांगरटीच्या दिवसांत खाचरांतून बगळे उठतात आणि उघड्या सड्यावर टिटवी जमिनीवरच अंडी घालते. घार धोका दिसला की बहुधा खाली झेपावते, म्हणून तिच्या वरून जावे. शेवटच्या टप्प्यात पक्षी आपटलाच, तर विमान नियंत्रणात आहे तोवर उतरणे पुरे करणेच सहसा योग्य, कारण खराब झालेल्या इंजिनावर पुन्हा चढणे अधिक धोक्याचे. खाजगी पट्टीवर गुरे, कुत्री आणि मुले यांची खात्री करण्यासाठी आधी एक फेरी वरून मारावी.

१४. चाके न उघडताच विमान कसे काय उतरते?

मिटणारी चाके असलेल्या विमानात ती उघडण्याचा क्रम कोणीतरी मध्येच मोडतो: रेडिओवर हाक येते, पक्षी दिसतो, प्रवासी काही विचारतो. यात माणसे क्वचितच जखमी होतात. पंखा आणि इंजिन मात्र निकामी होते. म्हणून फायनलवर चाकांची खूण मोठ्याने म्हणावी. पाण्यावरही उतरणाऱ्या उभयचर विमानात नेमके उलट आहे: पाण्यावर चाके उघडी राहिली, तर विमान उलटते, आणि ती चूक प्राणघातक असते.

१५. किनाऱ्यावरून उडताना इंजिन बंद पडले तर पुळणीवर उतरावे का?

आधी इंजिन का बंद पडते ते पाहू. कोकणच्या दमट हवेत, बाहेर २० ते २५ अंश तापमान असतानाही कार्बोरेटरच्या तोंडाशी बर्फ धरू शकतो, विशेषतः शक्ती कमी करून खाली येताना. अशा इंजिनात शक्ती कमी करण्यापूर्वी कार्बोरेटर हीट, म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा देण्याची सोय, लावणे ही सवय असावी. इंधन फवारून देणाऱ्या इंजेक्शन इंजिनांत हा प्रश्न येत नाही. १७२ एस त्यांपैकीच आहे, पण जुन्या १७२ कार्बोरेटरच्या आहेत.

इंजिन थांबलेले १७२ दर १००० फुटांमागे सुमारे दीड सागरी मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर तरंगते. खाडीचे रुंद मुख ओलांडताना उंची हाताशी असावी ती यासाठी.

पुळण लांब आणि मोकळी दिसते, परंतु कोकणच्या बहुतेक पुळणी दक्षिणोत्तर आहेत आणि खारा वारा त्यांच्यावर आडवा येतो. शिवाय त्यांवर होड्या, जाळी आणि सुट्टीच्या दिवशी माणसे असतात. गर्दी असेल, तर पुळण विसरावी. मोकळी असेल, तर ओहोटीनंतर उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू निवडावी. वरची कोरडी, भुसभुशीत वाळू पुढचे चाक धरते आणि विमान उलटवते. भातखाचर निवडायचे, तर बांधाच्या समांतर उतरावे आणि कापणीनंतरचे कोरडे खाचर शोधावे. वीजतारा लांबून दिसत नाहीत. खांब दिसले, की मधे तारा आहेत असेच धरावे. कलमांच्या बागेत जाण्यावाचून गत्यंतर नसेल, तर किमान वेगाने, पंख सरळ ठेवून, दोन झाडांच्या मधून विमानाचे धड जाऊ द्यावे. वेग निम्मा झाला, तर आपटण्याची ऊर्जा चौथाई होते, हे एकच गणित येथे उपयोगी पडते.

पाण्यावर उतरणे भाग पडले, तर लाटांच्या माथ्यांना समांतर, किमान वेगाने उतरावे, दार आधीच किलकिले करून अडवावे आणि जीवरक्षक जाकीट विमानाबाहेर पडल्यावरच फुगवावे. आत फुगवलेले जाकीट माणसाला छताशी दाबून ठेवते.

१६. मुलगा घाटावरच्या विमानतळावर शिकला. कोकणात येताना त्याने काय लक्षात ठेवावे?

कोल्हापूरसारखी धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फूट उंच आहे. विरळ हवेत वेगदर्शकावरील त्याच आकड्याला विमानाचा जमिनीवरील खरा वेग दर १००० फुटांमागे सुमारे दोन टक्क्यांनी जास्त असतो. त्यामुळे कोकणात धावपट्टी थोडी हळू मागे सरकताना दिसते आणि वेग कमी पडला असे वाटून नवशिका तो वाढवतो. वेगदर्शकावर विश्वास ठेवून तोच आकडा धरावा. बाकी वाऱ्याविषयी प्रश्न ७ आणि ८ पाहावेत. पहिल्या दोन-तीन फेऱ्या स्थानिक हवा ओळखणाऱ्या प्रशिक्षकाबरोबर व्हाव्यात, एवढा आग्रह पालकांनी धरायला हरकत नाही.

१७. आमच्या वाडीजवळ विमान पडले, तर आम्ही काय करावे?

प्रथम ११२ वर फोन करावा. विमान समुद्रात असेल, तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. पेट्रोलचा वास आला, तर विडी-काडी, मोटारसायकल आणि कंदील दूर ठेवावेत. विमानाचे पेट्रोल निळसर असते. थांबलेल्या पंख्यालाही हात लावू नये, कारण तो थोडा फिरला तरी इंजिन एक ठिणगी घेऊ शकते. विमान वीजतारेला अडकले असेल, तर वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नये.

काही नव्या विमानांच्या धडात अग्निबाणाने उघडणारे पॅराशूट असते आणि तसा इशारा धडावर लिहिलेला असतो. तो दिसला, तर त्या भागासमोर उभे राहू नये. आग नसेल आणि जखमी बोलत असतील, तर मान व पाठ न वळवता त्यांना आतच धीर द्यावा. आग असेल, तर पट्टे कापून ओढून काढावे. अवशेष हलवू नयेत, आठवण म्हणून काही नेऊ नये. फोटो काढावेत, पण ते आधी पोलिसांना द्यावेत. केशरी रंगाची लहान पेटी दिसली, तर ती बंद करू नये. ती ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला ठिकाण कळवत असते.

१८. चौकशी कोण करते आणि वैमानिकाला शिक्षा होते का?

अपघात आणि गंभीर घटना यांचा तपास केंद्र सरकारची एएआयबी ही संस्था करते. परवान्याविषयीची कारवाई नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे असते. तपासाचा हेतू दोष ठरवणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा असतो, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतो. म्हणून आपण पाहिलेले, विमानाचा आवाज कसा होता इथपर्यंत, सांगावे. निष्कर्ष मात्र जोडू नये.

१९. मी वैमानिक नाही, शेजारी प्रवासी म्हणून बसतो. उतरताना मला काय करता येईल?

खांद्यावरचा पट्टा लावावा. केवळ कमरेचा पट्टा डोके पुढच्या पॅनलवर आपटण्यापासून वाचवत नाही. आसन रुळावर घट्ट अडकले आहे ना, हे एकदा मागे-पुढे हलवून पाहावे. दार आतून कसे उघडते ते उडण्यापूर्वी स्वतःच्या हाताने करून बघावे. उतरण्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत गप्पा थांबवाव्यात, पाय पेडलपासून दूर ठेवावेत आणि मोबाइल खिशात घट्ट ठेवावा. आणि उडण्याआधीच वैमानिकाला मोकळेपणाने सांगावे, की उशीर झाला तरी चालेल, दोनदा वर गेलात तरी चालेल, परत कोल्हापूरला वळलात तरी आम्ही गाडी करून येऊ.